वाकवायची राहिलेली पिन

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. आयुष्यभर विमानांच्या इंजिनांत हात घातले म्हटल्यावर लोकांना वाटतं, हा गडी मोठा धीराचा असणार. धीर लागतो तो वर जाणाऱ्याला. खाली राहणाऱ्याला भीतीच लागते. आपण आवळलेला नट सुटेल की काय, ही भीती ज्याला वाटत नाही, त्याला मी माझ्या सायकलला हात लावू देणार नाही. ही भीती कामाची असते. पण आणखी एक भीती असते, स्वतःची कातडी वाचवायची. ती मला एका दसऱ्याला भेटली, आणि आज इतक्या वर्षांनीही ते लिहायला बसलो तर तळहाताला घाम येतो.

पन्नास सालानंतरची, त्या दशकाच्या मधली गोष्ट. जुहूच्या विमानतळावर एका छोट्या कंपनीत मी ग्राउंड इंजिनिअर होतो. नाव भारदस्त, काम मेकॅनिकचं. फरक एवढाच की माझ्याकडे सरकारी लायसन्स होतं आणि माझी सही झाल्याशिवाय मशीन जमिनीवरून हलायचं नाही. लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं. पार्ल्याला आमच्या चाळीतल्या खोलीत मी ते फ्रेम करून लावलं होतं. बायको म्हणायची, "लग्नाचा फोटो पेटीत आणि हे भिंतीवर, छान आहे!" तिला दिवस गेलेले होते, सहावा महिना चालू होता, आणि तिला सगळं बोलायची मुभा होती.

कंपनीकडे एक हेलिकॉप्टर होतं. शेतांवर औषध फवारायला परदेशातून आणलेलं, दोन माणसांचं, पुढे काचेचा मोठा गोल आणि मागे नुसत्या नळ्यांची शेपटी. पार्ल्यातले लोक त्याला भिंगरी म्हणत. माझी सासू एकदा बघायला आली आणि म्हणाली, "ह्याचा वरचा पंखा बंद पडला तर गरम होईल, एवढंच ना?" मी हो म्हटलं. सासूला कोण समजावणार.

पण वाचणाऱ्याला समजावलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हेलिकॉप्टरमध्ये पायलटच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर ओढला की वरच्या पात्यांचा कोन वाढतो आणि मशीन उचललं जातं. पण कोन वाढला की पात्यांना हवा कापायला जोर लागतो, इंजिनावर ओझं येतं आणि फेरे पडायला लागतात. फेरे पडले की संपलं, कारण पाती फिरतात म्हणून तर आपण वर असतो. म्हणून त्याच दांड्याच्या टोकाला मोटरसायकलसारखी फिरवायची मूठ असते, थ्रॉटलची. दांडा वर घेताना मूठ उघडायची, खाली घेताना मिटायची. सारखं, क्षणाक्षणाला. आता इंजिन आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणा निघाल्यात म्हणे. तेव्हा पायलटचं मनगट हीच यंत्रणा. त्या मुठीपासून निघालेल्या सळ्या सांध्यासांध्यांतून मागे इंजिनाच्या कार्ब्युरेटरपर्यंत जातात आणि तिथल्या पेट्रोल-हवेच्या झडपेला हलवतात. शेवटच्या सांध्यात करंगळीएवढा बोल्ट, त्यावर खाचांचा नट, आणि नट सुटू नये म्हणून खाचेतून घातलेली दुहेरी पिन. सांधा हलता राहायला हवा म्हणून हा नट करकचून आवळत नाहीत, बेताचाच ठेवतात. सगळी भिस्त त्या पिनेवर. पिन घालायची आणि पलीकडे निघालेले तिचे दोन पाय पकडीने वाकवायचे. न वाकवलेली पिन म्हणजे कडी न घातलेलं दार.

आमचे पायलटसाहेब युद्धात ब्रह्मदेशावर विमानं उडवून आलेले. पन्नाशीकडे झुकलेले, कमी बोलणारे. त्यांचा एकच कायदा होता. मशीनवर काम झालं की पुढच्या पहिल्या उड्डाणाला सही करणाऱ्याने शेजारी बसायचं. "सही केलीस ना? चल, बस." कुणाला हा जाच वाटायचा. मला मान वाटायचा.

त्या वर्षी नवरात्रात मी कार्ब्युरेटर उतरवून साफ केला होता आणि खंडेनवमीच्या सकाळी परत बसवत होतो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. सगळं हँगर धुऊन काढायचं, जुन्या तेलकट चिंध्या जाळायच्या, आणि पाने, पकडी, हातोड्या रॉकेलने लख्ख करून बाकावर पांढऱ्या कपड्यावर मांडायच्या. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकही हत्यार उचलायचं नाही. हे सगळं करणारे आमचे मिस्त्री, मालवणकडचे, गिरणीत पंचवीस वर्षं काढून आलेले. गिरणीतही असंच चालायचं, त्या दिवशी कुणी स्क्रूसुद्धा फिरवत नसे, असं ते सांगायचे.

मी शेवटच्या सांध्यावर आलो होतो. नट बसवला, खाच जुळवली, पिन आत सारली. आता पाय वाकवायचे, एवढ्यात मिस्त्री मागे येऊन उभे.

"ती पकड दी माका. भटजी येऊन बसलेत."

"एक मिनिट हो मिस्त्री, पिन वाकवतो."

"सगळी हत्यारा मांडून झाली, तुझीच एक ऱ्हवली. मुहूर्त जाता तो!"

मी पकड दिली. नवी पोलादी पिन, बोटाने वाकते थोडीच. एरवी अर्धवट कामावर आम्ही लाल चिंधी बांधायचो, म्हणजे दुसऱ्याला आणि आपल्यालाही खूण राहावी. पण त्या दिवशी हँगरमध्ये चिंधी म्हणून औषधाला नव्हती. म्हटलं, राहू दे, उद्या सकाळी हत्यारं उचलली की पहिलं हेच करायचं. मग इंजिनाचं झाकण लावलं, हात धुतले, आरतीला जाऊन टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, मालकांनी एक टूम काढली. मालक हौशी माणूस. त्यांच्या डोक्यात आलं की दसरा आहे तर हेलिकॉप्टरने सीमोल्लंघन करायचं. मुंबईची हद्द तेव्हा जोगेश्वरीपाशी संपायची. तेव्हा जुहूहून उडायचं, जोगेश्वरी ओलांडायची, गोरेगावच्या रानावर एक चक्कर मारायची आणि परत. परत आल्यावर नारळ, पेढे आणि आपट्याची पानं. मालकांचे नातेवाईक, त्यांची मुलंबाळं, दोन फोटोवाले, सगळे सकाळी आठलाच हजर. मशीनच्या नाकाला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. साहेबांनी मात्र उडायच्या आधी हार उतरवायला लावला. "पात्यात गेला तर पात्याचा दसरा होईल," म्हणाले.

त्या गडबडीत मी मशीन तपासलं. तपासलं म्हणजे खरंच तपासलं, टाळाटाळ केली नाही. झाकण उघडलं, तेल बघितलं, नळ्या चाचपल्या, त्या सांध्याकडेही बघितलं. समोरून पिनेचं डोकं दिसतं. डोकं जागच्या जागी होतं. पाय मागच्या बाजूला असतात, बोट घातल्याशिवाय कळत नाहीत. मागून मालकांच्या भाच्या ओरडत होत्या, मिस्त्री हत्यारं उचलून ज्याची त्याला देत होते, माझी पकड त्यांनी माझ्या हातात कोंबली, मी ती खिशात टाकली आणि सही केली. कालचं मनात आलंच नाही. अगदी कोरं. माणसाचं डोकं असा दगा का देतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

"सही केलीस ना?" साहेब म्हणाले. "चल, बस."

उडालो. पावसाळा नुकताच संपलेला, खाली सगळं हिरवंगार. डावीकडे समुद्र, वर्सोव्याला कोळ्यांच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, उजवीकडे माडांच्या आड पार्ल्याची कौलं. माझं घर ओळखू येतंय का बघत होतो. आवाज एवढा की बोलायचं तर ओरडावं लागायचं. मी आनंदात होतो, हे कबूल करायला हवं.

अंधेरी स्टेशन खालून गेलं. माझ्या बोटांना सकाळचं कुंकू लागलेलं होतं, ते पुसायला रुमाल काढावा म्हणून मी खिशात हात घातला आणि हाताला पकड लागली. बाहेर काढली. तिच्या दोन्ही जबड्यांवर कुंकू वाळलेलं होतं. जबड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे पिनेचे पाय धरतात, तिथेसुद्धा. म्हणजे पूजेपासून तिने काही धरलेलं नाही.

पिन.

सगळं अंग एकदम थंड पडलं आणि कान मात्र तापले. माझी नजर साहेबांच्या डाव्या हाताकडे गेली. मूठ हलत होती, नेहमीसारखी. थोडी उघड, थोडी मीट. तिच्या प्रत्येक वळणाला मागे तो बोल्ट हलत असणार, नट सैल होत असणार, आणि पिन हादऱ्याने थोडीथोडी बाहेर येत असणार. कदाचित कधीच पडली असेल.

सांगायला काय लागत होतं? "साहेब, उतरवा." दोन शब्द. खाली जोगेश्वरीच्या पुढे मोकळं रान होतं, गवताची पठारं, मधे एखादं झाड. इंजिन ठीक होतं, मूठ ठीक होती. कुठेही अलगद उतरता आलं असतं. मी उतरून झाकण उघडलं असतं, खिशातल्या त्याच पकडीने पिन वाकवली असती, पाच मिनिटांत परत निघालो असतो.

मी बोललो नाही.

खरं तेच लिहितो. मला त्या क्षणी मरणाची भीती वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली ती सांगण्याची. डोळ्यांपुढे भिंतीवरची फ्रेम आली. तपासलं म्हणून सही केली आणि तपासलंच नाही, असा याचा अर्थ. लायसन्स जाणार. दुसरी नोकरी कोण देणार? मूल यायचंय. खाली मालकाचे पाहुणे, फोटोवाले. आणि साहेब. साहेब काय म्हणतील, या विचाराने तर माझी जीभ टाळ्याला चिकटली. मग डोकं वकिली करायला लागलं. नट तर बसवलाय, तो काय इतक्यात सुटतोय? पिन आत घट्ट सारली होती. जेमतेम दहा मिनिटांचं उड्डाण. उतरल्या उतरल्या गुपचूप वाकवून टाकू, कुणाला कळायचंही नाही. एक मोकळं रान आलं, मी म्हटलं, हे गेलं की सांगू. ते गेलं. दुसरं आलं, पहिल्याहून सपाट. तेही गेलं. मी साहेबांच्या मुठीकडे बघत होतो आणि मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होतो, आणि तीही चुकत होतो.

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. कसं हसलो असेन, देव जाणे.

गोरेगावच्या टेकड्यांपाशी चक्कर मारून आम्ही परतलो. जोगेश्वरी पुन्हा खाली आली, रान संपून घरं सुरू झाली. मला जरा धीर आला. आता चार मैल, तीन मैल. अंधेरीवर येताना साहेबांनी हळूहळू उतरायला दांडा खाली घेतला आणि मूठ मिटली.

इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. फेऱ्यांचा काटा झपकन लाल रेघेकडे चढला. साहेबांनी मूठ आणखी मिटली. काही नाही. दांडा लगेच वर घेतला, ओझं आलं तसा काटा खाली आला, पण मशीन वर चढायला लागलं. त्यांनी मूठ पुरी उघडून पाहिली, पुरी मिटून पाहिली. ती मोकळी फिरत होती, विहिरीवरच्या रहाटाचा दोर तुटल्यासारखी.

"थ्रॉटल गेला!" ते ओरडले. "काय झालं असेल?"

"पिन!" मी ओरडलो. "कार्ब्युरेटरच्या सांध्याची पिन! वाकवायची राहिली! सळी सुटली असणार!"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की! मला आत्ता आठवलं!"

त्या 'आत्ता'ला मी आजही शिव्या देतो.

"झडप आहे तिथेच राहील?"

"आत्ता राहिलीय. हादऱ्याने कुठेही सरकेल. मिटूही शकते."

परिस्थिती अशी होती. इंजिन धडधाकट, पण ते आता कुणाचंच ऐकत नव्हतं. जेवढा जोर ते देत होतं, तेवढा देत राहणार. खाली यायला दांडा खाली घ्यावा तर ओझं कमी होऊन इंजिन पिसाट पळणार, पाती आणि इंजिन दोन्ही फाटायची वेळ. दांडा वर ठेवावा तर आपण वर वर जाणार. म्हणजे इंजिन चालू आहे तोवर जमिनीवर येता येत नाही, आणि हे आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

साहेब मात्र शांत. त्यांनी ओठावर दात रोवले होते, तेवढंच. त्यांनी मशीन समुद्राकडे वळवलं, घरांवरून बाजूला.

"ऐक. विमानतळाच्या मैदानाच्या वर जायचं. मग इंजिन बंद करायचं. पाती हवेने फिरत राहतील, त्यांच्यावर उतरू. माझे दोन्ही हात अडकलेत. स्विच तू बंद करायचास. मी सांगेन तेव्हा. आधी नाही, नंतर नाही. कळलं?"

"हो."

"मोठ्याने सांग!"

"तुम्ही सांगाल तेव्हा!"

बंद इंजिनावर उतरायचा सराव ते दर महिन्याला करत. मी खालून कितीदा तरी पाहिला होता. पण सरावात इंजिन मंद चालू ठेवलेलं असतं. अंदाज चुकला तर मूठ उघडायची आणि परत वर जायचं. इथे परत वर जायला काही नव्हतं. एकदाच उतरायचं, जिथे उतरू तिथे.

जुहूच्या किनाऱ्यावर आलो. पाण्याची कड, वाळू, माडांची रांग, त्यापलीकडे विमानतळाचं गवत आणि कडेला माणसांचा रंगीत पुंजका. साड्या दिसत होत्या. आम्ही हजार फुटांवर असू. माझा हात स्विचवर होता आणि तो माझा नाहीच असं वाटत होतं. चालतं इंजिन आपल्या हाताने मारायचं, अधांतरी असताना. सगळं आयुष्य इंजिन बंद पडू नये म्हणून झिजवलेलं, आणि आता हे. मला बायको आठवली नाही, देव आठवला नाही. नाटकात दाखवतात तसं काहीएक झालं नाही. फक्त वाटलं, साहेबांनी सांगूच नये. असंच फिरत राहू. पेट्रोल संपेपर्यंत फिरू, मग बघू.

"बंद!"

मी स्विच फिरवला.

आवाज गेला. त्याच क्षणी साहेबांनी दांडा तळापर्यंत दाबला आणि खालची जमीन एकदम वर यायला लागली. शांतता नव्हती, पात्यांचा सूंऽ सूंऽ आवाज होता आणि वाऱ्याचा, पण मला तो आवाज शांततेहून भयंकर वाटला. माड मोठे होत होते. मी बहुधा ओरडत होतो, कारण नंतर दोन दिवस माझा घसा बसला होता. गवत आलं, गवतातली पावसाच्या पाण्याची डबकी दिसली, डबक्यातलं आभाळ दिसलं, आणि मला वाटलं आता आपटणार. तेव्हा साहेबांनी नाक वर केलं, वेग मेला, मशीन क्षणभर हवेत अडल्यासारखं थांबलं, आणि मग त्यांनी दांडा वर ओढला, पात्यांत उरलासुरला जोर होता तो सगळा वापरून. खालचे लोखंडी पाय गवताला लागले. घसरलो, दहा-बारा फूट, चिखल उडवत. थांबलो.

पाती अजून फिरत होती. हळूहळू थांबली.

बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. खरंच. सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, दसऱ्यानिमित्त हा खास खेळ होता. मालक धावत आले, दोन्ही हातांत आपट्याची पानं. "वा, झकास! असं बिनआवाजाचं उतरणं आधी कधी का नाही दाखवलंत आम्हाला? घ्या, सोनं घ्या!" साहेब खाली उतरले, त्यांनी पान घेतलं, नमस्कार केला, आणि हळू आवाजात मालकांना बाजूला नेऊन काय झालं ते सांगितलं. मालकांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला. मी अजून आतच बसलो होतो.

पाहुणे पेढे खाऊन गेले. मिस्त्रींना कळल्यावर ते बाकावर बसून राहिले. "माझ्यामुळा झाला रे ह्या," म्हणाले. मी त्यांना म्हटलं, नाही हो, पकड तुम्ही मागितलीत, पण दिली मी. हे तेवढं मी सरळ बोललो त्या दिवशी.

मग साहेब आणि मी दोघांनी झाकण उघडलं. सळी लोंबत होती. नट नव्हता, पिन नव्हती. बोल्ट झाकणाच्या तळाशी पडलेला, त्याच्या आट्या अजून तेलाने चमकत होत्या. साहेबांनी तो उचलला, बोटांत फिरवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी आठवलं?"

"थ्रॉटल गेला तेव्हा."

त्यांनी बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला.

"जाताना अंधेरी ओलांडल्यापासून तू माझ्या डाव्या हाताकडे बघत होतास. मला वाटलं, मीच काहीतरी चुकतोय. म्हणून मी तेव्हापासून मूठ जास्तच फिरवत होतो, जुळवून बघत होतो."

मी मशीनच्या नळीला धरलं.

"पिना राहतात," ते म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माणूस आहे, विसरतो. पण तेव्हा इंजिन माझं ऐकत होतं रे. खाली मोकळं रान होतं. ती मिनिटं माझी होती. तू ती ठेवून घेतलीस."

मी रडलो. तिथेच, तिशीला आलेला माणूस, अंगात डगला, बोटांवर कुंकू. साहेब माझ्या शेजारी उभे राहिले, ना समजूत घातली, ना निघून गेले.

रिपोर्ट लिहायचा होता. त्यात दोष केव्हा लक्षात आला असा एक रकाना असे. साहेबांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः चहा प्यायला गेले. मला वाटलं असतं तर 'बिघाड झाल्यावर' असं लिहिता आलं असतं. त्यांनी तेही सही करून पुढे पाठवलं असतं, अशी माझी अजून समजूत आहे. मी लिहिलं, 'जाताना, अंधेरी स्टेशन ओलांडल्यावर, बिघाडाच्या सुमारे पाच मिनिटं आधी. भीतीमुळे सांगितलं नाही.' अक्षर इतकं थरथरलं की मलाच वाचता येईना, म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. साहेबांनी वाचून खाली सही केली.

घरी गेलो तेव्हा बायकोने ओवाळायला ताट केलेलं होतं. "कसं झालं उड्डाण?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, अगदी त्या मिनिटांसकट. ती ऐकत राहिली आणि मग तिने निरांजन खाली ठेवलं.

तीन महिने लायसन्स गेलं. त्या तीन महिन्यांत मी मिस्त्रींच्या हाताखाली नळ्या पुसल्या. मालकांनी कामावरून काढलं नाही, साहेबांनी त्यांना तसं सांगितलं असावं. मुलगी झाली तेव्हा साहेब स्वतः पेढे घेऊन घरी आले, तिला मांडीवर घेऊन बसले. माझ्याशी ते पुढे कधीही वाकडं बोलले नाहीत. लायसन्स परत मिळालं त्या दिवशी पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन तपासून सही केली आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं. साहेबांनी सही वाचली, वही मिटून ठेवली, आणि मागे जाऊन स्वतः इंजिनाचं झाकण उघडलं. एकेका सांध्यामागे बोट घालून ते पिनेचे पाय चाचपायला लागले. त्याआधी माझ्या सहीनंतर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. त्यानंतर कंपनी सोडून जाईपर्यंत, सहा वर्षं, ते रोज करत राहिले. आत अंधार असायचा, म्हणून मी शेजारी टॉर्च धरून उभा राहायचो.